मृत्युपत्र नसताना वडिलांचे घर नावावर करताना

वडील मृत्युपत्र न करता गेले आणि त्यांच्या स्वकष्टार्जित सदनिकेला नामनिर्देशन मात्र मोठ्या मुलाच्या नावे असले, तर घर त्याचेच झाले असा समज महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांत असतो. तो चुकीचा आहे. गृहनिर्माण संस्था नामनिर्देशिताला वारसांच्या वतीने विश्वस्त म्हणून तात्पुरते सदस्यत्व देते, मालकी मात्र वारसांकडेच जाते.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 नुसार पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास मृताची आई हे सर्व समान हिस्सेदार ठरतात. विवाहित मुलीचा हक्क कमी होत नाही, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. विसरली जाते ती आजी. तिचे नाव वगळून केलेली कागदपत्रे पुढे विक्रीच्या वेळी खरेदीदाराचा वकील हमखास अडवतो, आणि तोवर आजीही गेलेली असली तर तिच्या हिश्शापुरते काका व आत्याही वारस म्हणून उभे राहतात.

घर एकाच वारसाच्या नावे करण्यास सर्वांची संमती असल्यास दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र, म्हणजे इतरांनी आपला हिस्सा सोडल्याचा दस्त, नोंदवावे. साध्या स्टँपपेपरवरील, नोटरीकडून साक्षांकित केलेले संमतिपत्र त्यासाठी पुरत नाही. संस्थेने वारस दाखला मागितल्यास दिवाणी न्यायालयात अर्ज करावा लागतो. स्वतंत्र घर असल्यास मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) वारसनोंदही करून घ्यावी, परंतु ती नोंद म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, त्यामुळे मूळ खरेदीखत व मृत्यूचा दाखला जपून ठेवावा.