ऑटोस्टार्ट साफ करताय? आधी जतन झालेलं सेशन बघा

लिनक्सवर लॉगिनला आपोआप उघडणारे प्रोग्रॅम, म्हणजे ऑटोस्टार्ट, आवरण्याआधी बॅकअप घ्या, पासवर्ड आठवतोय ना ते बघा, अर्धवट काम सेव्ह करा. एवढं कुणीही सांगेल.

बॅकअप ठेवायचा कुठे, यात मात्र मेख आहे. होममध्ये, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फोल्डरात, डॉट-कॉन्फिग हा सेटिंग्जचा लपलेला फोल्डर असतो आणि त्यात ऑटोस्टार्ट नावाचा फोल्डर. त्यातल्या फाइलची प्रत त्याच फोल्डरात 'जुनी' असं नाव देऊन ठेवू नका. नावाच्या शेवटी डॉट-डेस्कटॉप असलेली तिथली प्रत्येक फाइल, तिच्यातच बंदीची ओळ नसेल तर, लॉगिनला चालवली जाते, मग तुम्ही तिला जुनी म्हणा नाहीतर टाकाऊ. मी एक प्रोग्रॅम बंद करायला गेलो आणि तो दोनदा उघडायला लागला, तो असा. प्रत दुसरीकडे ठेवा, पेनड्राइव्हवर किंवा होममध्येच भलतीकडे.

आता मागच्या खेपेला मी विसरलो ती गोष्ट, जिच्यापायी अख्खी रात्र गेली: जतन झालेलं सेशन. लॉगिन झाल्यावर जे आपोआप उघडतं, ते सगळं ऑटोस्टार्टमधूनच येतं असं नाही. लॉगआउट करताना सेशन मॅनेजर, म्हणजे लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतचं सेशन सांभाळणारा प्रोग्रॅम, उघड्या प्रोग्रॅमना विचारतो की पुढच्या वेळी तुला कोणत्या कमांडने उठवू, आणि मिळालेली उत्तरं फाइलीत लिहून ठेवतो. पुढच्या लॉगिनला त्या फाइलीप्रमाणे सगळी मंडळी हजर. स्टार्टअपच्या यादीत त्यांचं नावही नसतं. मी ती यादी चार वेळा तपासली, प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला, आणि तीन जुन्या टर्मिनल खिडक्या तरीही प्रत्येक लॉगिनला समोर उभ्या.

तेव्हा पहिलं काम हे. एक्सएफसीई या डेस्कटॉपवर असाल तर 'सेशन अँड स्टार्टअप' उघडा आणि लॉगआउटच्या वेळी सेशन आपोआप जतन करायची सोय बंद करा. लॉगआउटच्या चौकटीतही सेशन जतन करण्याचं एक टिकचिन्ह असतं, तेही काढा. प्लाझ्मा या डेस्कटॉपवर असाल तर सिस्टम सेटिंग्जमध्ये डेस्कटॉप सेशनखाली 'रिकाम्या सेशनने सुरुवात' निवडा.

आता नीट वाचा, कारण मला हे कळूनही मी चुकलो. एक्सएफसीईची जतन झालेली सेशनं होममधल्या डॉट-कॅशच्या सेशन्स फोल्डरात असतात. ती चालू डेस्कटॉपवर बसून पुसली आणि टिकचिन्ह तसंच ठेवून लॉगआउट केलं, तर बाहेर पडताना नवी फाइल लिहिली जाते. तिच्यात काय असतं? त्या क्षणी जे उघडं होतं ते, म्हणजे तीच भुतं. मी हे तीनदा केलं. क्रम असा ठेवा: आधी जतन करणं बंद, मग लॉगआउट, मग टेक्स्ट कन्सोलवरून (खिडक्यांशिवायचा, नुसत्या अक्षरांचा पडदा) ती फाइल बाजूला. डेस्कटॉप चालू असताना नाही.

त्यासाठी टेक्स्ट कन्सोल आधीच चालवून बघा. कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ एकदम दाबा, काळा पडदा येईल, तिथे नाव-पासवर्ड टाकून खरोखर आत जा. काही लॅपटॉपवर एफएन कळही लागते. परत यायचं ते एफ-१, एफ-२ की एफ-७, हे लिनक्सच्या वितरणागणिक (उबुंटू, फेडोरा वगैरे) बदलतं, तेव्हा तुमचं कोणतं ते लिहून ठेवा. कागदावर. डेस्कटॉप मोडल्यावर त्याच मशीनवरची टिपण काय कामाची?

दुसरी तयारी: नवा वापरकर्ता तयार करा आणि त्याच्या नावाने त्याच डेस्कटॉपमध्ये लॉगिन करा. कंटाळा येतो, मलाही येतो, पण निम्मा तपास इथेच संपतो. नव्या खात्यात त्रास नसेल तर दोष तुमच्या होममध्ये आहे. तिथेही असेल तर तुमच्या डॉट-कॉन्फिगला हात लावू नका, गोष्ट सिस्टमच्या पातळीवरची आहे. मी ही पायरी गाळली आणि वैतागून डॉट-कॉन्फिग अख्खंच उडवलं. पॅनेल, शॉर्टकट, कीबोर्डची मांडणी, सगळं गेलं. जुन्या खिडक्या मात्र आल्याच, कारण त्या डॉट-कॅशमध्ये होत्या! आणि वर आणखी दोन प्रोग्रॅम उगवले, जे मी मागे कधीतरी बंद केले होते.

ते का उगवले, हे कळायला हवं. सर्वांसाठीच्या ऑटोस्टार्ट फाइली ईटीसी या सिस्टमच्या फोल्डराखालच्या एक्सडीजी फोल्डरात असतात. तुमच्या फोल्डरात त्याच नावाची फाइल असली तर तुमची मानली जाते. स्टार्टअपच्या यादीतून एखादा प्रोग्रॅम बंद केला की बहुतेक वेळा पडद्यामागे हेच होतं: तुमच्या फोल्डरात त्याच नावाची फाइल येते आणि तिच्यात 'हिडन बरोबर ट्रू' किंवा तशाच अर्थाची ओळ असते. ती फाइल पुसली म्हणजे बंदीचा हुकूमच पुसला. तेव्हा आपला फोल्डर सरसकट रिकामा करू नका. सिस्टमच्या फोल्डरातली फाइल तर पुसूच नका, पॅकेज अपडेट होताना ती परत येऊ शकते.

उलटी तक्रार असेल, म्हणजे टर्मिनलमध्ये नीट चालणारं काही लॉगिनला उठतच नसेल, तर त्याच्या ऑटोस्टार्ट फाइलीतली एक्झेक ओळ बघा, म्हणजे कोणती कमांड चालवायची ते सांगणारी. तिथे शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये तुमची कमांड समजून घेणारा प्रोग्रॅम, नसतो. होमसाठी आपण लिहितो ते नागमोडी चिन्ह तिथे उलगडत नाही, म्हणून पूर्ण मार्ग लिहा. बॅशआरसी या शेलच्या सेटिंग फाइलीत वाढवलेला पाथही (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी) तिथे पोचेलच असं नाही. एखादी फाइल अमुक डेस्कटॉपपुरतीच चालावी अशी 'ओन्ली शो इन' ओळही तिच्यात असू शकते.

जागा बघा. होमचं विभाजन शंभर टक्के भरलं की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचा पडदा पुन्हा समोर येऊ शकतो. तसाच फेरा होममधल्या एक्स-अथॉरिटी या लपलेल्या फाइलची मालकी रूटकडे, म्हणजे सिस्टमच्या मुख्य खात्याकडे, गेल्यानेही बसतो. सुडो (रूटचे अधिकार देणारी कमांड) लावून खिडकीवाला प्रोग्रॅम चालवण्याची सवय असेल तर मालकी तपासा, आणि सवय सोडा.

पडद्यावर खिडक्या दाखवायच्या दोन पद्धती आहेत, जुनी एक्स-११ आणि नवी वेलँड. आपण एक्स-११ वर आहोत की वेलँडवर? लॉगिनच्या पडद्यावर सेशन निवडायची जागा असते आणि मागची निवड लक्षात ठेवली जाते, त्यामुळे अंदाजाने बोलू नका, बघा. सेशन जतन करायची वर सांगितलेली विचारपूस एक्सच्या जमान्यातली आहे. अस्सल वेलँड प्रोग्रॅम तिच्यात भाग घेत नाहीत.

लॉग, म्हणजे चुकांच्या नोंदी, कुठे मिळतील तेही आधीच बघून ठेवा. एक्सवर बऱ्याच ठिकाणी होममध्ये एक्ससेशन-एरर्स नावाची लपलेली फाइल असते. बाकीचं जर्नलसीटीएल या नोंदी दाखवणाऱ्या कमांडला 'युजर' जोडून. ग्नोम डेस्कटॉपच्या ३.३४ पासून, म्हणजे २०१९ पासून, सेशन उभं करण्यात सिस्टमडी (पडद्यामागच्या सर्व्हिस चालवणारी यंत्रणा) आलं. प्लाझ्मात ते ५.२५ पासून, २०२२ मध्ये, आपोआप लागू झालं. सिस्टमडीच्या २४६ व्या आवृत्तीपासून तर ऑटोस्टार्टच्या फाइलींवरून सर्व्हिस बनवायची सोयही आहे. तेव्हा सिस्टमसीटीएल या त्याच्या कमांडलाही 'युजर' जोडून पडलेल्या सर्व्हिस विचारा.

मग एका वेळी एकच बदल. लॉगआउट, लॉगिन, बघा. टेक्स्ट कन्सोलवर त्याच नावाने आत राहिला असाल तर तिथूनही बाहेर या, नाहीतर युजरच्या सर्व्हिस जुन्याच चालू राहतात आणि बदल लागलाच नाही असं वाटतं. शेवटी एकदा पूर्ण रीस्टार्ट. जमलं की तपासासाठी काढलेलं खातं पुसा, बॅकअप आठवडाभर ठेवा.

आणि लॉगआउटच्या चौकटीतलं ते टिकचिन्ह. काढलंय ना? पुन्हा एकदा बघा.