ऑनलाइन टेबलटॉप कॅम्पेन: वर्गणी भरण्याआधीची तयारी

पुणे, ठाणे, न्यू जर्सी आणि लंडन अशा ठिकाणी पांगलेल्या मित्रांनी एकत्र ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ किंवा ‘पाथफाइंडर’ हे भूमिकाखेळ, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन रंगवायची गोष्ट, सलग मालिकेच्या (कॅम्पेनच्या) रूपात खेळायचे ठरवले की पहिल्या आठवड्याच्या उत्साहात कोणीतरी दोन-तीन सेवांची वर्गणी भरून मोकळे होते, आणि त्यांपैकी दोन सेवा एकच काम करतात हे नंतर ध्यानात येते. सेशन झिरोच्या, म्हणजे नियम ठरवण्याच्या पहिल्या बैठकीच्या आधी, कोणाचेही पात्र तयार होण्यापूर्वी, डीएमने (डन्जन मास्टर, खेळ चालवणारी व्यक्ती) पुढील बाबी एकदा नजरेखालून घालाव्यात. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारत जावे: ही वर्गणी उद्या थांबली, तर आपल्या हातात काय उरेल?

सर्वप्रथम नियमावली ठरवावी, कारण पुढचा जवळजवळ सगळा खर्च तिच्यावर अवलंबून असतो. ‘पाथफाइंडर’ खेळणार असाल तर ‘आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस’ या अधिकृत संकेतस्थळावर नियम विनामूल्य वाचता येतात, त्यामुळे नियमांसाठी वर्गणी भरण्याची गरजच पडत नाही. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायचे असेल तर २०१४चे नियम की २०२४चे, हे लेखी ठरवून सगळ्यांना कळवावे. दोन्हींची सरमिसळ झाली की एकाच नावाच्या मंत्राचे दोन अर्थ निघतात आणि ऐन लढाईत वाद सुरू होतो. दोन्ही आवृत्त्यांचा मूलभूत भाग खुल्या परवान्यावर उपलब्ध आहे. जानेवारी २०२३ मध्ये जुना खुला परवाना बदलण्याचा मसुदा फुटला, खेळाडूंनी निषेध म्हणून धडाधड वर्गण्या रद्द केल्या आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या प्रकाशक कंपनीने २०१४च्या नियमांवर आधारलेला ५.१ आवृत्तीचा नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. २०२४च्या नियमांवर आधारलेला ५.२ संच २०२५ मध्ये आला. हा परवाना मागे घेता येत नाही. तेव्हा पहिले काही सेशन या खुल्या नियमांवरच खेळावेत आणि गट टिकतो असे दिसल्यावरच पाकिटाला हात घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर ‘डी अँड डी बियॉन्ड’च्या, म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची पुस्तके आणि पात्रे ऑनलाइन ठेवणाऱ्या सेवेच्या, वर्गणीत नेमके काय मिळते ते नीट समजून घ्यावे, कारण सर्वाधिक गैरसमज याच बाबतीत आढळतो. वर्गणी भरली म्हणजे पुस्तके मिळाली असे नाही. पुस्तके वेगळी विकत घ्यावी लागतात. विनामूल्य खात्यावर ६ पात्रे ठेवता येतात आणि चार-पाच खेळाडूंच्या गटातील साध्या खेळाडूला तेवढी पुरून उरतात. खरी उपयुक्तता आहे ती महिन्याला सुमारे ६ डॉलरच्या ‘मास्टर’ पातळीत. कॅम्पेनमधील एकाच व्यक्तीने ती घेतली की गटातील सदस्यांनी विकत घेतलेली पुस्तके सर्वांना वापरता येतात. म्हणून पाच जणांनी पाच वर्गण्या आणि एकाच पुस्तकाच्या पाच प्रती घेणे हा निव्वळ अपव्यय आहे. कोणाकडे कोणते पुस्तक आहे याची नोंद आधी करावी आणि वर्गणी एकाच्याच नावावर ठेवून खर्च वाटून घ्यावा. पूर्वी पुस्तकातील एखादी उपशाखा किंवा एखादी जादुई वस्तू सुटी विकत मिळत असे. ती सोय २०२४ मध्ये बंद झाली, त्यामुळे जुने सल्ले वाचून अंदाजपत्रक आखू नये.

येथे थोडा इतिहास लक्षात ठेवणे हिताचे ठरते. ही सेवा २०१७ मध्ये सुरू झाली, मधल्या काळात तिचे मालक बदलले, आणि २०२२ मध्ये विझर्ड्सची मालक कंपनी हॅस्ब्रोने ती १४.६३ कोटी डॉलरला विकत घेतली. ऑगस्ट २०२४ मध्ये जुन्या पात्रांच्या शीटवरील (पात्राची माहिती आणि आकडे असलेल्या पानावरील) मंत्र आणि वस्तू नव्या नियमांनी बदलल्या जातील असे जाहीर झाले आणि खेळाडूंच्या तक्रारींनंतर काही दिवसांतच तो निर्णय फिरवला गेला. त्याही आधी, चौथ्या आवृत्तीच्या काळातील ‘डी अँड डी इनसायडर’ची साधने सिल्व्हरलाइट या तंत्रावर उभी होती, त्या तंत्राचा आधार संपत आला तशी २०२०च्या सुरुवातीस ती बंद करण्यात आली. ज्यांनी आपल्या पात्रांच्या शीट उतरवून घेतल्या होत्या, त्यांच्याकडे त्या राहिल्या. म्हणून प्रत्येक वेळी लेव्हल वाढली की शीटची पीडीएफ उतरवून गटाच्या सामाईक फोल्डरमध्ये टाकण्याचा नियम सेशन झिरोमध्येच करावा.

नकाशे आणि फाशांसाठी व्हर्च्युअल टेबल, म्हणजे सर्वांना एकाच वेळी दिसणारा ऑनलाइन पट, निवडताना आपले इंटरनेट आणि आपला उरक या दोहोंचा प्रामाणिक विचार करावा. ‘रोल२०’ ब्राउझरमध्ये चालते, २०१२पासून आहे आणि त्याच्या विनामूल्य खात्यावर संपूर्ण कॅम्पेन चालवता येते. पात्राच्या दृष्टीच्या टप्प्यानुसार नकाशा उजळणारी डायनॅमिक लायटिंग हवी असेल तरच वर्गणी लागते आणि तीसुद्धा फक्त गेम तयार करणाऱ्याला. ‘फाउंड्री’चा मार्ग वेगळा आहे. सुमारे ५० डॉलर एकदाच भरायचे, तेही डीएमनेच. खेळाडू ब्राउझरमधून येतात आणि सारी सामग्री डीएमच्या स्वतःच्या संगणकावर राहते. वर्गणी थांबली तर काय उरेल, या सुरुवातीच्या प्रश्नाला इतके समाधानकारक उत्तर दुसरे कोणतेही साधन देत नाही. मात्र त्यासाठी राउटरवर एक पोर्ट (बाहेरून आत येण्याची क्रमांकित वाट), सहसा ३००००, उघडावा लागतो, आणि भारतातील अनेक इंटरनेट जोडण्यांमध्ये कंपनी एकच सार्वजनिक आयपी पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटत असल्याने पोर्ट उघडूनही बाहेरचा खेळाडू आत येऊ शकत नाही. आपली जोडणी तशी आहे का, हे ‘फाउंड्री’ विकत घेण्याआधी तपासावे. तशी असेल तर स्थिर पत्ता मागून घ्यावा, नाहीतर भाड्याच्या सर्व्हरचा मासिक खर्च हिशेबात धरावा, म्हणजे जी वर्गणी टाळायची होती ती मागच्या दाराने आत आलीच. ज्यांना केवळ एक नकाशा, पात्रांची काही टोकन आणि न पाहिलेला भाग झाकणारा फॉग एवढेच पुरे आहे, त्यांनी ‘आउलबेअर रोडिओ’ पाहावे. तेथे खेळाडूंना खातेही उघडावे लागत नाही.

पैसे भारतातून भरायचे असतील तर कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये आधी पाहावे, आणि डॉलरच्या किमतीवर बँकेचे विदेशी चलन शुल्क व कर चढतात हे गृहीत धरावे. रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांविषयीचे नियम १ ऑक्टोबर २०२१पासून लागू आहेत: ई-मॅन्डेट, म्हणजे रक्कम आपोआप कापण्याची ग्राहकाची आगाऊ संमती, नोंदवलेले असावे लागते आणि रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते. परदेशी विक्रेत्याकडे ही व्यवस्था नसेल तर पहिला हप्ता जातो आणि दुसरा नाकारला जातो. शनिवारी संध्याकाळी सगळे जमलेले असताना सामाईक पुस्तके अचानक दिसेनाशी होतात ती बहुधा याच कारणाने. म्हणून मासिकाऐवजी वार्षिक वर्गणी घ्यावी आणि नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरमध्ये दोन आठवडे आधी नोंदवावी, किंवा गटातील परदेशस्थ मित्राने त्याच्या कार्डावरून भरून बाकीच्यांनी हिशेब चुकता करावा.

वेळेचेही असेच आहे. शनिवारी संध्याकाळी ७:३० ही भारतीय वेळ उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे १० आणि लंडनमध्ये दुपारचे ३ अशी पडते आणि ती सर्वांना सोयीची आहे. पण हिवाळ्यात तेथील घड्याळे एक तास मागे जातात, आपली जात नाहीत. अमेरिकेतील बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो आणि ब्रिटनमधील त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधल्या आठवड्यांत तिघांचाही हिशेब वेगवेगळा असतो. कोणत्या शहराची वेळ प्रमाण मानायची ते एकदाच ठरवून टाकावे.

नकाशांची तयारी सेशनच्या आदल्या रात्रीवर टाकू नये. ‘रोल२०’वर एक चौकोन मुळात ७० पिक्सेलचा असतो, तेव्हा ३० बाय २० चौकोनांची गुहा २१०० बाय १४०० पिक्सेलमध्ये नेमकी बसते, याहून मोठे चित्र केवळ जागा खाते आणि मोबाइलच्या डेटावर खेळणाऱ्याला ताटकळत ठेवते. चित्रावर आधीच छापलेल्या रेघा आणि सॉफ्टवेअरची ग्रिड जुळत नसेल तर चित्र ओढताण करून बसवण्यापेक्षा त्याची रेघा नसलेली प्रत शोधावी. मराठीत नोंदी आणि हॅन्डआउट लिहिणार असाल तर देवनागरी कोणत्या फॉन्टमध्ये कशी दिसते ते खेळाडूच्या पडद्यावर पाहून घ्यावे, आणि फाशांचे सूत्र मात्र रोमन अक्षरांत व इंग्रजी अंकांतच लिहावे लागते हे नवख्यांना आधीच सांगावे.

आवाजासाठी डिस्कॉर्ड पुरेसे आहे. हेडफोन सक्तीचे करावेत, नाहीतर प्रत्येकाच्या घरातला पंखा सर्वांना ऐकू येतो.

शेवटी, पहिल्या सेशनच्या तीन-चार दिवस आधी अर्ध्या तासाची चाचणी ठेवावी. त्यात प्रत्येकाने आपल्याच यंत्रावरून आत यावे, टोकन एकदा हलवावे, एक फासा टाकावा आणि आपली शीट उघडून दाखवावी. ‘फाउंड्री’ वापरणाऱ्यांनी चाचणीनंतर संपूर्ण डेटा फोल्डरची प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर काढावी आणि कॅम्पेन चालू असताना मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेण्याचा मोह आवरावा, कारण स्वयंसेवकांनी बनवलेली मॉड्युले (जोड-सुविधा) नव्या आवृत्तीशी जुळायला वेळ घेतात. ‘रोल२०’वाल्यांनी आपल्या नोंदी, नकाशे आणि राक्षसांची आकडेवारी मुळातच बाहेर, साध्या दस्तऐवजात लिहून मग आत चिकटवावी. चाचणीच्या दिवशी जो येऊ शकला नाही, त्याला सेशनच्या दिवशी इतरांपेक्षा वीस मिनिटे आधी बोलवावे.