दलालामार्फत घर घेताय? मग बयाण्याआधी एवढं करा

आमच्या इकडं तालुक्याच्या गावात घर घ्यायचं म्हटलं की दलालाशिवाय होतच नाही. तो काही ऑफिस थाटून बसलेलाच असतो असं नाही, कोणी झेरॉक्सवाला असतो, कोणी कापसाच्या गाड्या भरणारा. सगळे वाईट नसतात, मला माझं घर दलालामुळंच सापडलं. पण त्याचा पैसा सौदा झाला की सुटतो आणि तुम्हाला तिथं जन्म काढायचाय, म्हणून घाई त्याला असते, तुम्ही करू नका.

पहिल्याच भेटीत दलाली बोलून घ्या. साधारण दोन्ही बाजूंनी एक-दोन टक्के घेतात, पण ठरेल ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून टाका, आणि अर्धी रजिस्ट्रीच्या दिवशी, अर्धी तुमचं नाव रेकॉर्डला चढल्यावर असं सांगा. दुसरं, मालकाशी स्वतः बोलल्याशिवाय भाव पक्का करू नका. मालकाला बारा लाख सांगायचे, तुम्हाला चौदा, आणि मधले दोन आपले, असं चालतं. "मालक पुण्याला राहते भाऊ, मीच पाहतो सगळं" असं म्हणाला तर तिथंच उभ्या उभ्या फोन लावायला सांगा.

नव्या लेआउटमधला प्लॉट किंवा फ्लॅट असेल तर महारेराचा, म्हणजे बिल्डर-प्रोजेक्टवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा नंबर मागा. 2016 च्या रेरा कायद्यानं मोठ्या प्रोजेक्टची नोंदणी लागते, तसे प्रोजेक्ट विकणाऱ्या एजंटचीही लागते, आणि दोन्ही महारेराच्या साइटवर घरबसल्या दिसतं.

घर पाहायला दोनदा जा, एकदा दलालाला न सांगता. मी एक घर पाहिलं होतं, नवीन चुना मारलेला, अंगणात तुळस, बायकोला तर तिथंच पसंत. दुसऱ्यांदा एकटा गेलो तेव्हा ऊन भिंतीवर तिरपं पडलं होतं आणि खिडकीच्या कोपऱ्यातून वर गेलेली तिरपी भेग चुन्याखालून स्पष्ट दिसली, पुट्टी भरून झाकलेली. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, पाया उथळ असला की घर असंच तडकतं. तेव्हा खिडक्या-दारांचे कोपरे पाहा, दारं घासतात का ते उघडझाप करून पाहा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बोरले मे मयन्यात पानीच नसते बाप्पा, टँकर बोलवा लागते." हे दलालानं कधीच सांगितलं नसतं. म्हणून शेजारी चहा घेतल्याशिवाय परत येऊ नका.

आता कागदं, इथं खरा वेळ घालवा. गावठाणातलं घर असेल तर दलाल ग्रामपंचायतीचा नमुना आठ पुढं करतो, पण तो कर आकारणीचा कागद आहे, तेवढ्यानं मालकी सिद्ध होत नाही. मालकाचं खरेदीखत मागा, आणि स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी झाली असेल तर सनद. सिटी सर्वे असेल तिथं आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), लेआउट असेल तर सातबारा, अकृषक (एनए) आदेश आणि मंजूर नकाशा. सातबारा महाभूलेखवर पाहता येतो, त्यात भोगवटादार वर्ग 2 लिहिलं असेल तर थांबा, परवानगीशिवाय ती जमीन घेता येत नाही. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा बोजा, म्हणजे कर्ज, आहे का तेही पाहा. आपल्या भागात भूदानाच्या जमिनी आहेत, त्या विकता येत नाहीत, आणि आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला घ्यायची तर कलेक्टरची मंजुरी लागते, आणि त्यालाही आधी राज्य सरकारची मान्यता लागते. "होऊन जाते, पटवारी आपलाच हाय" यावर बिलकुल जाऊ नका. हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या खरेदी-विक्रीच्या नोंदींचा शोध, करून घ्या.

आणि वारस. माझे अकरा हजार इथंच अडकले होते. दलालाच्या हातात रोख टोकन दिलं, मग कळलं की घर बापाच्या नावावरून उतरलंच नव्हतं आणि मालकाची बहीण सही द्यायला तयार नाही. तिचा हक्कच होता, तिची काय चूक! पैसे परत यायला आठ महिने लागले, तेही चकरा मारून. म्हणून बयाणा मालकाच्याच खात्यात, चेक किंवा ऑनलाइन. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा वर रोख घेणं तसंही इन्कम टॅक्सच्या कायद्यात बसत नाही. इसारपत्रात, म्हणजे बयाण्याच्या करारात, सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, आणि कागदात खोट निघाली तर बयाणा किती दिवसांत परत, हे लिहा.

स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घर तुमचं होत नाही, सब-रजिस्ट्रारकडे रजिस्ट्रीच पाहिजे. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त 30,000 रुपये, स्टॅम्प ड्युटी वेगळी. राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे, 1 एप्रिल 2021 पासून, म्हणून घरी आधी बोलून ठेवा.

रजिस्ट्री झाली की बरेच जण निवांत होतात आणि फेरफार, म्हणजे रेकॉर्डला नाव बदलणं, राहून जातो. पटवाऱ्याकडे, ग्रामपंचायतीत नाव चढवा, लाइटचं मीटर नावावर करा, जुनं बिल बाकी नाही ना ते पाहा. दलालाची उरलेली अर्धी दलाली याच्यासाठीच हातात ठेवायची, मग तो स्वतःच पटवाऱ्याकडं चकरा मारतो.