उन्हाळ्यात घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जपताना

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, पण म्हातारपणी तहानच नीट कळत नाही. म्हणून ‘पाणी हवं का?’ असं विचारत बसू नका. तासातासाला अर्धा पेला हातात द्या. हृदयाचा, किडनीचा त्रास किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर दिवसाचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

ओआरएसचं मोठं पाकीट अख्खं १ लिटर पाण्यातच कालवा. पेल्यात चिमूटचिमूट टाकलं की क्षारांचं प्रमाण बिघडतं.

कूलर खिडकीत, समोरचं दार उघडं; नाहीतर दमट हवा कोंडते नि घाम सुकत नाही.

खिशात कांदा असू द्या हवा तर, पण बोलणं असंबद्ध झालं, अंग तापलं, की लगेच १०८. तोवर अंगावर ओली चादर, वर पंखा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.