आधी ऑटो बंद करा: व्हाइट बॅलन्स शिकण्याची माझी पद्धत

व्हाइट बॅलन्स म्हणजे कुठल्याही उजेडात पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यात रंग जुळवायची सोय. तो शिकायचा असेल त्याला मी आधी एकच काम देतो: आठवडाभर कॅमेरा ‘डेलाइट’वर (उन्हासाठीच्या सेटिंगवर) ठेवा आणि ते सेटिंग बदलू नका. घरात, बाहेर, सकाळी, रात्री, सगळीकडे डेलाइटच. काही फोटो पिवळेजर्द येतील, काही निळे पडतील. येऊ देत. आपले डोळे उजेडाला फार चटकन सरावतात, त्यामुळे बल्बखालचा कागदही आपल्याला पांढराच वाटतो. डेलाइटवरचा कॅमेरा मात्र तो पिवळाच दाखवतो. उजेडाला रंग असतो हे एकदा डोळ्यांना दिसलं की पुढचं भराभर समजतं.

हा रंग केल्विनमध्ये मोजतात. मेणबत्ती साधारण 1900, पिवळा बल्ब 2700 ते 3000, दुपारचं ऊन 5200 ते 5500, ढगाळ हवा 6000 ते 6500 आणि निळ्या आकाशाखालची सावली 7000 ते 8000. आकडा वाढत जातो तसा उजेड निळसर होत जातो. नवीन माणूस गोंधळतो तो इथेच, कारण कॅमेऱ्यात आकडा वाढवला की फोटो उलट पिवळा होतो. पण 7500 ठेवणं म्हणजे ‘इथला उजेड निळा आहे, भरपाई कर’ असं कॅमेऱ्याला सांगणं. मग तो पिवळा मिसळतो. भर उन्हात 7500 ठेवलंत तर भरपाईची गरज नसतानाही तो मिसळतोच.

ऑटो, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच बॅलन्स ठरवणं, वाईट नाही. फक्त तो फ्रेममध्ये दिसणाऱ्या रंगांवरून अंदाज बांधतो. मागे मोठा लाल पडदा आला की तो बिचकतो आणि चेहऱ्यावर निळसर-हिरवी झाक येऊ शकते. सूर्यास्ताचा केशरी रंग तर त्याला दोषच वाटतो, म्हणून तो पुसायला जातो. संध्याकाळी डेलाइट ठेवा, रंग आणखी गडद हवा असेल तर ‘शेड’ (सावलीसाठीचं सेटिंग). एकाच उजेडात सलग फोटो काढायचे असतील तरी ऑटो नको, नाहीतर दर फोटोत त्याच माणसाची कांती बदलते आणि नंतर सगळे जुळवत बसावं लागतं.

मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो कस्टम व्हाइट बॅलन्स, म्हणजे तिथल्याच उजेडावर मोजून लावलेला. ग्रे कार्ड (कुठलीही झाक नसलेलं राखाडी कार्ड) घ्या आणि जिथे चेहरा असणार आहे नेमकं तिथेच धरा. त्याच्यावर तोच उजेड पडला पाहिजे. आपली किंवा कॅमेऱ्याची सावली कार्डावर पडू देऊ नका. फ्रेमचा मधला भाग कार्डाने भरा, फोकस लागत नसेल तर मॅन्युअल करा, फोटो काढा आणि मेनूतून तोच फोटो कस्टमसाठी निवडा. एक्स्पोजर (फोटो किती उजळ येतो ते) मधलं ठेवा. कार्ड पांढरंफटक आलं तर मोजमाप चुकतं. कार्डाऐवजी साधा कागद अडीअडचणीला चालतो, पण बऱ्याच कागदांत चकाकी आणणारी रसायनं असतात आणि ती दिवसाच्या उजेडात निळसर चमकतात. ट्यूबलाइट किंवा एलईडीची हिरवी झाकही कस्टममध्ये निघते. नुसता केल्विन फिरवून ती जात नाही, त्यासाठी टिंट (हिरव्यापासून मजेंटापर्यंतची वेगळी पट्टी) मजेंटाकडे, म्हणजे गुलाबी-जांभळ्याकडे, सरकवावा लागतो.

आता अवघड जागा. माणूस खिडकीशी बसलाय, मागे पिवळा बल्ब लागलाय: एक गाल निळा, दुसरा केशरी. कुठलंही सेटिंग दोन्ही गाल एकदम सुधारणार नाही. मी सरळ बल्ब बंद करायला सांगतो. बंद करता येत नसेल तर माणसाचं तोंड खिडकीकडे वळवतो, चेहऱ्यासाठी बॅलन्स लावतो आणि मागचा कोपरा पिवळा राहू देतो. तो तसा छानच दिसतो.

बऱ्याच मोबाइलवर प्रो मोडमध्ये डब्ल्यूबी (व्हाइट बॅलन्स) नावाची पट्टी असते, ती फिरवून बघा, तीही बहुतेक केल्विनचीच.

रॉ (सेन्सरची कच्ची माहिती ठेवणारी फाइल) काढणारे म्हणतात, व्हाइट बॅलन्स नंतर बदलता येतो, मग आत्ता कशाला? बदलता येतो, खरंच. पण कॅमेऱ्यावरचा हिस्टोग्राम (डावीकडे काळं, उजवीकडे उजळ असा फोटोतल्या उजेडाचा आलेख) रॉवरून नाही, कॅमेऱ्याने आत बनवलेल्या जेपेग फोटोवरून बनतो. बल्बच्या उजेडात डेलाइट ठेवलंत तर त्यात लाल रंग उजव्या कडेला चिकटलेला, म्हणजे जास्त उजळून तपशील गेल्यासारखा दिसतो, रॉमध्ये तो अजून शाबूत असला तरी. मग घाबरून एक्स्पोजर कमी केलं जातं. त्या उजेडात निळा मुळातच तोकडा, तो आणखी दबतो आणि सावल्यांत दाणे दिसायला लागतात. म्हणून रॉ काढतानाही बल्बखाली ‘टंगस्टन’ (पिवळ्या बल्बसाठीचं सेटिंग) लावा आणि मगच हिस्टोग्राम बघा.