भिंग घडवण्याआधी विभेदनाची मर्यादा कशी काढावी

प्रतिमा अस्पष्ट दिसली की दोष सहसा भिंगाच्या माथी मारला जातो. परंतु तरंगलांबी आणि द्वारक (तरंग ज्यातून जातात ते उघडे तोंड) मिळून विभेदनाची, म्हणजे दोन जवळचे बिंदू वेगळे दिसण्याची, जी सीमा ठरवतात, ती निर्दोष भिंगालाही ओलांडता येत नाही. म्हणून भिंग प्रकाशाचे असो वा ध्वनीचे, आधी ती सीमा काढावी आणि मगच भिंगाकडे वळावे.

सूक्ष्मदर्शकासाठी एर्न्स्ट ॲबे यांनी १८७३ मध्ये मांडलेला नियम वापरावा: तरंगलांबीला न्यूमरिकल ॲपर्चरच्या (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते हे सांगणाऱ्या आकड्याच्या) दुपटीने भागावे. हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटरचा आणि वस्तुभिंगाचे (वस्तूजवळच्या भिंगाचे) ॲपर्चर ०.६५ असेल, तर उत्तर सुमारे ४२३ नॅनोमीटर येते; तेलात बुडवून वापरायच्या १.४ ॲपर्चरच्या वस्तुभिंगाने ते १९६ पर्यंत उतरते. या सूत्रात वर्धनाला स्थानच नाही. वर्धन लागते ते कॅमेऱ्यासाठी: ४० पट वर्धनानंतर ४२३ नॅनोमीटरचा तपशील संवेदकावर १७ मायक्रोमीटरचा होतो, आणि त्यावर किमान दोन पिक्सेल यावेत म्हणून पिक्सेल ८.५ मायक्रोमीटरहून मोठा नसावा. त्याहून खूपच लहान घेतल्यास केवळ फाइल फुगते.

ध्वनीची तरंगलांबी मात्र माध्यमावरून काढावी लागते. शरीराच्या मऊ ऊतींमधील वेग सेकंदाला १५४० मीटर धरल्यास ५ मेगाहर्ट्झला ती ०.३१ मिलिमीटर येते. २० मिलिमीटर रुंदीचा ट्रान्सड्यूसर (ध्वनी सोडणारा आणि परतलेला टिपणारा घटक) ६० मिलिमीटरवर केंद्रित केला, तर आडवे विभेदन तरंगलांबीच्या साधारण तिप्पट, म्हणजे ०.९ मिलिमीटर मिळते. खोलीच्या दिशेचे विभेदन द्वारकावर नव्हे, तर स्पंदाच्या लांबीवर अवलंबून असते आणि तिच्या निम्मे असते. वारंवारता दुप्पट केल्यास दोन्ही सुधारतात, पण दर सेंटिमीटरला दर मेगाहर्ट्झमागे अर्धा डेसिबल क्षीणन धरले, तर ६ सेंटिमीटर खोलवर जाऊन परतताना ३० डेसिबलऐवजी ६० डेसिबल गमवावे लागतात.

आता आकार. प्रकाशाची सवय असलेल्यांची इथे हमखास फसगत होते, कारण पॉलिस्टायरीनमध्ये ध्वनी पाण्यापेक्षा वेगाने धावतो आणि त्यामुळे त्याचे अभिसारी (तरंग एकत्र आणणारे) भिंग अंतर्वक्र करावे लागते. सिलिकॉन रबरात तो संथ असल्याने ते नेहमीसारखे बहिर्वक्र ठेवावे.

घडणीतील चूक किती चालेल, हे रेले यांच्या निकषावरून ठरवावे: तरंगाग्राचा (तरंगाच्या पुढच्या पृष्ठभागाचा) आदर्श आकारापासूनचा फरक तरंगलांबीच्या पाव भागाच्या आत राहावा. प्रकाशासाठी हा फरक सुमारे १३८ नॅनोमीटर आहे, म्हणून काच घासून पॉलिश करणे भाग पडते. पाण्यात ५ मेगाहर्ट्झला तो ०.०७ मिलिमीटर असल्याने ध्वनीचे भिंग साध्या लेथवरही कातता येते.