माका: तण ओळखण्यापासून तेल सिद्ध होईपर्यंत

भाताच्या खाचरात, पाटाच्या कडेला आणि जेथे जेथे ओल टिकून राहते अशा उष्ण प्रदेशातील प्रत्येक जागी माका आपोआप उगवतो. शेतकऱ्याला तो तण म्हणून नकोसा असतो, तर संस्कृत ग्रंथांनी त्यालाच भृंगराज हे भारदस्त नाव दिले आहे. त्याचे केसांना लावायचे तेल घरी करता येते. कृतीही फार अवघड नाही, परंतु तिचे यश दोन ओळखींवर अवलंबून असते. पहिली ओळख झाडाची आणि दुसरी तेलातील पाणी संपल्याच्या क्षणाची. बहुतेक फसलेले तेल या दोहोंपैकी एका ठिकाणी फसलेले असते.

माक्याचे वनस्पतिशास्त्रीय नाव ‘एक्लिप्टा प्रोस्ट्राटा’ असून जुन्या पुस्तकांत तो ‘एक्लिप्टा अल्बा’ या नावाने आढळतो. सूर्यफुलाच्या कुळातील हे लहान झुडूप कधी उभे वाढते, तर कधी जमिनीवर लोळते, आणि लोळणाऱ्या फांद्यांना पेरांपाशी मुळे फुटतात. पाने समोरासमोर, लांबट, टोकाशी निमुळती आणि जवळजवळ देठाविना असतात. पान बोटांत धरून चोळले की बारीक ताठ केसांमुळे खरखरीत लागते. फुले पांढरी आणि सेंटिमीटरभराहूनही लहान असतात. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो प्रत्यक्षात अनेक सूक्ष्म फुलांचा गेंद असतो. पाकळ्या झडल्यावर राहणारा चपटा हिरवा गेंद बियांचा असतो आणि त्या बियांना एकदांडीच्या बियांसारखा उडणारा पिसारा नसतो.

सर्वांत उपयोगी खूण मात्र रसाची आहे. कोवळी फांदी मोडून बोटांत चुरडावी. काही वेळातच चुरडलेला भाग आणि बोटेही काळपट पडतात, कारण रसातील घटकांचा हवेशी संयोग होऊन रंग बदलतो. एकदांडी, अर्थात दगडी पाला, हिच्याशी गोंधळ होत असेल तर ही खूण आणि फूल दोन्ही पाहावीत. एकदांडीचे फूल लांब, एकट्या दांड्यावर येते, त्याचा मध्य पिवळा असतो आणि पानांच्या कडा खोल दातेरी असतात. पिवळ्या फुलांची एक वनस्पतीही ‘पिवळा माका’ म्हणून ओळखली जाते व औषधात वापरली जाते, परंतु ती वेगळी आहे. तेथे रसाच्या रंगावर भिस्त न ठेवता फुलाचा रंगच पाहावा. फूल आलेले नसेल तर झाड तोडण्याची घाई करू नये. पांढरे फूल दिसेपर्यंत थांबणे हाच शहाणपणा आहे.

झाड कोठे वाढले आहे याला त्याच्या जातीइतकेच महत्त्व आहे. माक्याला ओल प्रिय असल्यामुळे तो सांडपाण्याच्या नाल्याकाठी फार जोमाने वाढतो आणि अशा ठिकाणचा टवटवीत पाला मोह पाडतो. तो घेऊ नये, कारण पाणथळ जागेतील वनस्पती पाण्यातील जड धातू शोषून घेऊ शकतात आणि ते धुऊन निघत नाहीत. तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेली शेतेही वर्ज्य समजावीत. फुलोरा नुकताच सुरू झालेला असताना, सकाळचे दव सुकल्यावर संपूर्ण झाड मुळासकट उपटावे. बी धरण्यापूर्वी उपटल्याने शेताचीही सेवा घडते. नंतर मुळांची माती काढून पाला तीन-चार वेळा धुवावा, पिवळी व किडकी पाने काढून टाकावीत आणि वरचे पाणी निथळेपर्यंत तो सावलीत पसरावा.

तेलाचे प्रमाण ठरवताना बहुतेकजण आधी तेल मोजतात आणि मग रस कमी पडतो. म्हणून रसापासून सुरुवात करावी. पाला बारीक चिरून पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटावा, अगदीच कोरडा वाटल्यास पाण्याचा हबका द्यावा आणि स्वच्छ कापडातून घट्ट पिळून घ्यावा. हाच स्वरस. तो मोजावा आणि त्याच्या एक चतुर्थांश तीळतेल घ्यावे. आयुर्वेदातील नियमानुसार स्वरसाने तेल सिद्ध करताना वाटलेल्या औषधाचा गोळा, म्हणजे कल्क, तेलाच्या एक अष्टमांश असावा. म्हणजे एक लिटर रसाला 250 मिलिलिटर तेल आणि सुमारे 30 ग्रॅम ताज्या माक्याचा बारीक वाटलेला कल्क. रस पिळून उरलेला चोथा कल्क म्हणून वापरण्याची काटकसर करू नये. कल्काचे काम केवळ गुण देण्याचे नसून पाक, म्हणजे तेल कढवण्याची क्रिया, कोठवर आला हे सांगण्याचेही आहे, आणि रेषाळ चोथा ते नीट सांगत नाही.

जाड बुडाची, मोठ्या तोंडाची लोखंडी किंवा स्टीलची कढई घ्यावी आणि ती निम्म्याहून अधिक भरू नये. तेल मंद आचेवर कोमट करून त्यात कल्क आणि मग रस थोडा थोडा घालावा. तापलेल्या तेलात एकदम रस ओतल्यास ते उसळून अंगावर येते. यापुढे आच मंदच ठेवून लाकडी उलथन्याने तळापासून ढवळत राहावे. जोवर कढईत पाणी आहे तोवर मिश्रणाचे तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या फार वर जात नाही, त्यामुळे या टप्प्यात करपण्याची भीती कमी असते. पाणी सरत आले की तापमान झपाट्याने चढते आणि ढवळण्यात क्षणभर खंड पडला तरी कल्क तळाला लागतो. तेलाचा पाक एकाच दिवसात उरकू नये असा जुना दंडक आहे. घरी पहिल्या दिवशी तासभर उकळून झाकून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी, हाताशी दुसरे कोणतेही काम नसताना, पाक पूर्ण करावा.

आता ती दुसरी ओळख. कल्क थोडा बाहेर काढून निववावा आणि दोन बोटांत वळून पाहावा. तो बोटांना चिकटत असेल आणि त्याची वात वळत नसेल तर पाणी शिल्लक आहे. वात सहज वळू लागली की तिचा तुकडा चिमट्याने ज्योतीवर धरावा. तडतड आवाज आला तर आत ओल आहे आणि निमूटपणे जळला तर पाणी संपले आहे. याच सुमारास तेलावर फेस येतो. तुपाच्या पाकात याउलट फेस विरणे ही खूण असते, आणि ज्यांनी आधी तूप कढवले आहे ते येथे हमखास चकतात. कल्क मऊ पण न चिकटणारा असेल तो मध्यम पाक, किंचित कडक झाला तर खर पाक. बाहेरून लावण्याच्या तेलाला खर पाक सांगितलेला असला तरी नवशिक्याने मध्यमावरच थांबावे, कारण खर आणि जळका यांत अंतर फार थोडे असते आणि जळलेले तेल फेकूनच द्यावे लागते.

आच बंद करून तेल हाताला सोसेल इतके गरम असतानाच कापडातून गाळावे. रात्रभर स्थिर ठेवून वरचे तेल हलकेच कोरड्या काचेच्या बाटलीत ओतावे व तळाचा गाळ टाकून द्यावा. पाण्याचा अंश राहिलेल्या तेलात बुरशी धरते, म्हणून बाटली आणि झाकण पूर्ण कोरडे असावे. उजेडापासून दूर ठेवलेले तेल काही महिने टिकते. खवट वास येताच ते टाकावे.

ताजा पाला मिळत नसेल तर सावलीत वाळवलेल्या माक्याचा काढा वापरता येतो. वाळलेल्या माक्याच्या 250 ग्रॅम जाडसर भरडीला दोन लिटर पाणी घालून ते अर्धा लिटर होईपर्यंत आटवावे, गाळावे, आणि त्यात 125 मिलिलिटर तेल सिद्ध करावे. मात्र काढ्याच्या बाबतीत कल्क तेलाच्या एक षष्ठांश, म्हणजे येथे सुमारे 20 ग्रॅम लागतो. तो भरडीचीच वस्त्रगाळ पूड पाण्यात कालवून करावा. रंगाने हे तेल थोडे फिके पडते.

प्रथम वापरापूर्वी कोपराच्या आतील बाजूस दोन थेंब लावून एक दिवस वाट पाहावी. गाजरगवताची किंवा शेवंतीची ॲलर्जी असणाऱ्यांनी विशेष सावध असावे, कारण माका त्याच कुळातील आहे. आठवड्यातून दोनदा, धुण्यापूर्वी तासभर टाळूला हलक्या हाताने चोळणे पुरेसे होते. उशीवर डाग पडतात हे आधीच जाणून असावे. अपेक्षाही बेताची ठेवावी. केसांच्या वाढीसंबंधीचे अनुकूल निष्कर्ष प्रामुख्याने उंदरांवरील प्रयोगांतून आले आहेत. पांढरा झालेला केस या तेलाने मुळापासून काळा होत नाही, आणि रसाचा काळपटपणा हा केवळ वरचा रंग आहे.

परंपरेत माक्याचा रस यकृताच्या विकारांत पोटातूनही दिला जातो, परंतु तो घरी स्वतःच्या मनाने घेण्याचा उपाय नव्हे. जनावरे चरतात अशा पाणथळ जागेतील कच्च्या पाल्यावर यकृतात शिरणाऱ्या पर्णकृमीच्या अळ्या चिकटलेल्या असू शकतात, म्हणजे यकृतासाठी घेतलेला रस यकृतालाच बाधू शकतो. कावीळ झालेल्या व्यक्तीने, गर्भवतीने किंवा नियमित औषधे चालू असणाऱ्याने तो घेण्यापूर्वी वैद्याला किंवा डॉक्टरांना विचारावे. काविळीचे कारण रक्ततपासणीने निश्चित होईपर्यंत तर कोणताही रस पोटात देऊ नये.